थोरलीच्या नावावर धाकटी

मला याद्या करायची सवय आहे. केलेलं काम खोडायचं, राहिलेलं पुढच्या पानावर न्यायचं. त्यातलं एक काम मी अकरा वर्षं पुढच्या पानावर नेत राहिले. मालकाचा राग येतो, सल्लागाराचा येतो, पण सुरुवात माझ्यापासूनच करायला हवी.

जिंतूर रोडवरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी हजेरी लिहिते. हंगामात चाळीसएक बायका ढिगावर बसून कापसातला काडीकचरा वेचतात. आमच्याकडे एक रीत पडून गेली आहे. हजेरीपटावरचं नाव जागेचं असतं, माणसाचं नसतं. सून बाळंत झाली की सासू येते, सासू थकली की लेक येते. पटावर नाव पहिलीचंच. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

अकरा हंगामांपूर्वी एक बाई तापानं पडली, म्हणून तिची धाकटी जाऊ चार दिवसांसाठी आली. थोरलीचे गुडघे गेले, ती परत आलीच नाही. धाकटी राहिली. मी वहीत लिहिलं, "नाव बदलणे, महिनाअखेर." महिनाअखेर येत राहिली. पटावर थोरली, फंडाच्या खात्यावर थोरली. धाकटीला लिहिता येत नव्हतं. पगाराच्या कागदावर थोरलीच्या नावाची सही करायला तिला मीच शिकवलं, जुन्या पावतीच्या पाठीवर, हात धरून. तेव्हा मला ते पुण्याचं काम वाटलं होतं.

माझी स्वतःची वही मात्र वेगळी. तीत रोज खरंच कोण बसलं ते लिहिते. मशीनमध्ये कुणाचा पदर अडकला तर निरोप कोणत्या घरी धाडायचा, हे मला ठाऊक असायला हवं.

मग नवे कामगार कायदे लागू झाले. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं लेखी पत्र द्यायचं. आमच्या बायकांना असा कागद कधी मिळालाच नव्हता. मी उत्साहानं यादी केली. तेवढ्यात मालकाच्या परभणीच्या कायदे-सल्लागारानं मोबाइलवर पत्राचा नमुना पाठवला. खाली दोन ओळी होत्या. पत्रं रजिस्टरप्रमाणे काढावीत. रुजू तारीख चालू महिन्याची टाकावी.

दोनदा वाचलं तेव्हा डोकं सणकलं. आयुष्यात पहिल्यांदा बाईच्या हातात कागद द्यायचा, आणि त्याच कागदानं तिची मागची सगळी वर्षं पुसायची. उद्या ग्रॅच्युइटी मागायला गेली तर म्हणायला मोकळे, तुम्ही आत्ताच लागलात.

दुपारी धाकटी ऑफिसच्या दारात आली. डोक्याला रुमाल, भुवयांवर कापसाची लव.

"ताई, कागद द्यायलाव म्हणं. माझा कुणाच्या नावचा हाय?"

"थोरलीच्या."

"ती तर खाटेवर बसून हाय. तिला काय नेमायलाव तुमी?" ती हसली, मग हसू गेलं. "अकरा वर्षं काडी वेचली ताई मी. ही एक काडी तुमच्यानं वेचंना व्हय?"

मी अकरा वह्या काढल्या, तिचं पत्र तिच्या नावानं आणि पहिल्या वहीतल्या तारखेनं छापलं, आणि दोन्ही शेठच्या टेबलावर ठेवलं. ती माझ्या मागोमाग येऊन उंबऱ्यावर थांबली.

शेठनं चष्मा वर केला. "मॅडम, तुमी मालकाच्या बाजूच्या का बायकांच्या?"

"मी हजेरीच्या बाजूची आहे. उद्या हिचा हात मशीननं ओढला, तर अपघाताचा कागद कुणाच्या नावानं करायचा? घरी बसलेल्या थोरलीच्या?"

हे त्यांना पटलं. खोट्या नावाच्या कागदात हात त्यांचाही अडकला असता. "बरं, नाव बदला. तारीख आजची टाका. सल्लागार काय येडा हाय का?"

"येडा नाही, लबाड आहे," मी म्हणाले. इतक्या वर्षांत त्या खोलीत माझा आवाज पहिल्यांदा चढला.

उंबऱ्यावरून धाकटी बोलली. "आज आले का मी, शेठ? मग तुमच्या पोराच्या लग्नात पोळ्या कमी पडल्या, तवा कणीक कुणी मळली? थोरलीनं?"

ते लग्न सहा वर्षांपूर्वीचं. आम्ही सगळ्याच राबलो होतो, आणि त्यांची बायको आजही त्या पोळ्यांची आठवण काढते. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, वह्यांकडे पाहिलं. पहिली वही उघडून तारीख बोटानं शोधली, आणि सही केली.

मी पत्र धाकटीपुढे सरकवलं. तिनं पेन धरला आणि सवयीनं थोरलीच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. थांबली. माझ्याकडे पाहिलं. ते अक्षर मी गिरवून घेतलेलं होतं. स्वतःचं नाव तिला नातीनं शिकवलं होतं म्हणे. ते अक्षर खोडून तिनं शेजारी आपलं नाव काढलं. फार वेळ लागला.

"खाडाखोड झाली," शेठ म्हणाले. "दुसरा कागद छापा."

"न्हाई," ती म्हणाली. "दुसऱ्या कागदावर तुमी सही कराल का न्हाई, काय भरवसा? हाच राहू द्या." तिनं घडी केली आणि पोलक्यात ठेवली.

मी बाहेर ढिगाजवळ गेले. वही उघडून मोठ्यानं विचारलं, दुसरीच्या नावावर आणखी कोण कोण बसतं? नावं माझ्या वहीत होतीच, पण उघड सांगायला दोन-तीनच धजतील असं मला वाटलं होतं.

चौदा हात वर झाले. त्यातल्या नऊ जणींना दुसरीच्या नावाची सही मीच शिकवली आहे.