बटणावरची चिकटपट्टी

अप्पांच्या जुन्या स्टिरिओची खरखर काही केल्या जात नाही. वायरी बदलल्या, स्पीकरही बदलून पाहिले. शेवटी चिडून मेकॅनिकला फोन केला.

तो तमिळमध्ये म्हणाला, "सार, चेन्नईची हवा खारट. व्हॉल्यूमचं बटण रोज फिरवलं असतं, तर आत गंज धरला नसता."

आणि माझी बारावी आठवली. अप्पा ऑफिसातून आले की गाणी लावण्याआधी ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसदा फिरवायचे. खर्र, खर्र.

"अप्पा, पुरे करा ना!" एकदा मी ओरडलो आणि चिकटपट्टी लावून बटण जाम केलं.

"बरं, तू अभ्यास कर," एवढंच ते म्हणाले. ती पट्टी त्यांनी शेवटपर्यंत काढली नाही.

आज मी ती ओरबाडून काढली. आता वैतागून बटण फिरवतोय, तर बोटं त्याच डिंकाला चिकटतायत.