कोर्सिकाला नेलेला फुल शर्ट

मागच्या महिन्यात एका शनिवारी दुपारी कोर्सिका बेटावरच्या कॅम्पसाइटच्या रिसेप्शनला मी आणि नितीन बॅगा घेऊन उभे होतो... आणि समोरच्या बाईंच्या अंगावर चष्म्याशिवाय काहीही नव्हतं. पासपोर्ट देताना मी नजर छताला लावली होती.

हो, तसलाच कॅम्प. जिथे कुणी कपडे घालत नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

नितीन माझा नवरा. त्याला विसाव्या वर्षापासून कोड आहे. हात, पाठ, छाती. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला येऊन आम्हाला बावीस वर्षं झाली, पण ऐन हीटवेव्हमध्येही त्याला कुणी हाफ शर्टात पाहिलेलं नाही. मुलांना स्विमिंगला न्यायचा आणि स्वतः पूर्ण बाह्यांत काठावरच्या बाकावर बसून राहायचा.

लग्नाच्या वेळी त्याच्या घरच्यांनी काही लपवलं नव्हतं. मी होकार दिला म्हणून नातेवाइकांनी फार कौतुक केलं... आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

यंदा पन्नाशी झाली तशी एकदा जेवताना म्हणाला, मला उघड्या अंगाने समुद्रात जायचंय. ऑफिसमधल्या कुणीतरी ही जागा सुचवली होती. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे ना? चार दिवस अबोला. मग वाटलं, एवढ्या वर्षांत त्याने स्वतःसाठी मागितलंय तरी काय!

जागा शांत होती. निलगिरीची झाडं, खाली लांबच लांब वाळू, बहुतेक लोक आमच्याहून म्हातारे. बसाल तिथे आपला टॉवेल अंथरायचा, एवढाच काय तो नियम. मी दोन दिवस गाउन घालून तंबूबाहेर पुस्तक धरून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी किनारा रिकामा बघून मीही पाण्यात गेले... तेवढंच पुरे.

नितीन मात्र पहिल्या दिवसापासून पाण्यात. कुणी वळूनही बघत नव्हतं. ऊन बाधू नये म्हणून मी त्याच्या पाठीला क्रीम लावायचे. लख्ख उजेडात इतक्या जवळून त्याची पाठ मी पहिल्यांदाच बघत होते.

चौथ्या दिवशी शेजारच्या तंबूतल्या डच आजी-आजोबांनी चहाला बोलावलं. मी आपली तयारीला लागले. घरून नेलेला चिवडा डब्यात भरला, केस विंचरले, आणि बॅगेतून नितीनचा निळा फुल शर्ट काढून खुर्चीवर ठेवला. कुणाकडे जायचं असलं, भारतातून व्हिडिओ कॉल यायचा असला, की मी हेच करते. हात आपोआप जातो.

तो पोहून आला आणि शर्टाकडे बघत उभा राहिला. पलीकडे ते आजी-आजोबा उघड्या अंगाने कप मांडत होते.

"हा कुणासाठी काढलास गं?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"दर वेळी तूच काढून ठेवतेस," तो म्हणाला. "मला वाटायचं, तुला बरं वाटतं तर घालावा."

मी बसलेच खाली. इतकी वर्षं मी समजत होते की त्याला लाज वाटते, मी बिचाऱ्याला सांभाळून घेते. लाज माझी होती. ती मी इस्त्री करून त्याच्या अंगावर चढवत होते.

तसं त्याला सांगितलं. हो रे, माझ्यासाठीच काढला. खूप रडले. तो टॉवेल अंथरून शेजारी बसला, मग म्हणाला, चल, चहा गार होईल. आम्ही गेलो. आजींना चिवडा फार आवडला.

परवा लंडनमध्ये पिनरला ओळखीच्यांकडे बारसं होतं. नितीन टी-शर्ट घालून जिना उतरला. 'जॅकेट घे' अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. किचनमध्ये एकीने हळूच विचारलं, अगं, यांना हे कधी झालं? मी म्हटलं, लग्नाआधीपासून आहे. चांगलं मोठ्याने म्हटलं... पण लगेच वळून बघितलं, बाहेर कुणी ऐकलं का.

हे पोस्ट करण्याआधी त्याला वाचून दाखवलं. टाक, म्हणाला. त्याने मला माफ केलंय, तिथेच, चहाला जाण्याआधी. मला स्वतःला माफ करता येईल तेव्हा खरं.