गोगो बसायला आली

सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं, आणि त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. जपमाळ हातात घेतली की पहिल्याच मण्यावर बोटं थांबायची. नवरा हॉटेलात शिफ्टला गेला की दुबईत अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. वसईहून आई फोनवर म्हणायची, "विसर गं बाय, देव दुसरं देईल." चर्चमधल्या बायकांनी मेसेज पाठवले, घरी कुणी आलं नाही. जे मूल कुणी पाहिलंच नाही, त्याच्यासाठी येऊन बोलायचं तरी काय, असं त्यांना वाटलं असेल.

शेजारी झिम्बाब्वेची एक नर्स राहायची. तिचं बाळ सांभाळायला तिची आई गावाहून आली होती. सगळे तिला गोगो म्हणत, म्हणजे आजी. डोक्याला फडकं, आणि नातू पाठीशी कापडात घट्ट बांधलेला. कॉरिडॉरमध्ये मी दिसले की ती गुडघे किंचित वाकवून, तळव्यांची ओंजळ करून हलकेच टाळ्या वाजवायची. तो तिच्याकडचा नमस्कार. मी मान हलवून दार लावून घ्यायची. तिच्या पाठीवरचं बाळ मला बघवत नव्हतं.

एका दुपारी मी मोठ्याने म्हणाले, "देवबापा, तू असशील तर कुणाला तरी पाठव. मला एकटीला हे झेपत नाही."

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात गोगो होती, आज पाठ रिकामी. चपला काढून ती आत आली, सोफा सोडून फरशीवर पाय पसरून बसली आणि मला जवळ ओढलं. माझा हात तिने दोन्ही हातांत धरला. हॉस्पिटलातून आल्यापासून मी पहिल्यांदाच हंबरडा फोडून रडले.

आईला शोधत तिची मुलगी आली. "सॉरी हां, मम्मा न सांगताच आली," ती इंग्रजीत म्हणाली.

"त्यांना माझ्या बाळाचं कुणी सांगितलं?"

"कुठल्या बाळाचं?"

मी सांगितलं. ती आईशी त्यांच्या भाषेत बोलली. "ती म्हणते, या घरात कुणीतरी गेलंय असं तिला सकाळपासून वाटत होतं. आमच्या गावात अशा घरी बायका नुसत्या जाऊन बसतात." गोगो आणखी काही पुटपुटली. "ती विचारतेय, बाळाचं नाव काय?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही नाव ठरवलं होतं, पण उच्चारलं नव्हतं.

"रीटा," मी म्हणाले.

गोगो व्हिसा संपेपर्यंत रोज दुपारी येत राहिली, मग गावी परतली. तिला कुणी पाठवलं, हे मी कुणाला पटवायला जात नाही. माझं दुःख देवाने काढून घ्यावं, एवढंच मला हवं होतं. ते त्याने काढलं नाही, पण मला त्या दुःखापाशी एकटं बसू दिलं नाही. आता मी फार मागत नाही, देवावर सोपवते.

त्या पहिल्या दुपारी, नाव ऐकल्यावर, गोगोने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. तिच्या भाषेतलं एक अक्षरही मला कळत नव्हतं. मध्येच माझ्या मुलीचं नाव ऐकू आलं, आणि मी म्हणाले, आमेन.