कुलपातली सेफ्टी शीट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार स्टोरवाल्या गुणवंतकाकांचे आहेत, आणि त्यांच्याइतका तुच्छतेने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जबलपूरला धातूवर मुलामा चढवणाऱ्या एका प्लेटिंग कारखान्यात ते रसायनांचं स्टोर सांभाळत. मी बी.एस्सी. होऊन तिथे सेफ्टीच्या कामावर लागलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. काकांनी एक कॅन पुढे सरकवला. "अच्छा साहेब, काय आहे यात?"

"क्रोमिक ॲसिड."

"ते तर वर लिहिलंच आहे. डोळ्यात उडालं तर काय करशील?"

मला फक्त सूत्र आठवलं. "मग ते सूत्रच लाव डोळ्याला," काका म्हणाले.

कॅन नेणाऱ्याला आधी त्यातला धोका स्वतःच्या तोंडाने सांगावा लागे. चुकला की परत रांगेत. एकजण ॲसिड न्यायला पाण्याची बाटली घेऊन आला. काका म्हणाले, "भैया, घर से गिलास भी ले आते."

मॅनेजरसाहेबांनी प्रत्येक रसायनाचे धोके आणि प्रथमोपचार सांगणारी इंग्रजी सेफ्टी शीट छापून केबिनच्या कपाटात कुलूपबंद ठेवली होती. कामगारांच्या हातांनी ती मळते म्हणे. काका म्हणत, "कोणाचे डोळे जळून राहिले तर पहिले साहेबाची चावी शोधा, मंग इंग्रजी शिका." अडाणीपणा टाय लावूनही फिरतो, हे मला तिथे कळलं.

जेवणाच्या सुट्टीत काकांनी मला साहेबांकडून चावी मागून त्या शीट हिंदीत उतरवायला लावल्या. पहिल्या शीटची माझी दोन पानं त्यांनी परत फेकली. "माणूस भाजला आहे, अभ्यासाला नाही बसला." मी एका रसायनाला चार ओळींवर आलो, तेव्हा कुठे त्यांनी ते कागद स्टोरच्या भिंतीवर लावले.

काका निवृत्त होऊन नागपूरला मुलाकडे गेले. साहेबांनी भिंत रंगवली आणि कागद काढून टाकले. मागच्या आठवड्यात मी काकांना लिहिलं:

"आदरणीय काका, सा. नमस्कार. तपासणी येणार म्हणून साहेबांनी काल रजिस्टर पुढे केलं. सर्व कामगारांना धोके समजावले, असं त्यात आधीच लिहिलेलं होतं. नव्या लोकांना हातमोजे कोणते घालायचे हेसुद्धा कोणी सांगितलेलं नाही. मी सही केली नाही. साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नका. बाबांना अजून कळवलेलं नाही. मुलगा ऑफिसर आहे, असं ते गावभर सांगतात. माझ्या बोलण्यातून ते तुम्हाला ओळखतात, तुमचं ऐकतील. त्यांना एक फोन कराल का? फक्त, काका, जरा गोडीने बोला."