साठ ओहमचा रिसीव्हर

तारमास्तर बॅटरी जिभेला लावून तपासायचा आणि माणूस एका वाक्यात निकालात काढायचा. दोन्ही कामांना जीभ तीच. देवासच्या दरबारी टेलिफोनघरात मी त्याच्या हाताखाली सहा वर्षं काढली. तेवढ्या काळात त्याने मला एकदाही चांगलं म्हटलं नाही, आणि माझी आठवण पक्की आहे. लोक आता म्हणतात, फार गुणी माणूस होता. असेल. त्यांना त्याच्या शेजारी बसावं लागलं नव्हतं.

मूळचा धारचा, मराठी घरातला. पण चिडला की माळवीत शिरायचा. "यूं नी चाले, भिया!" म्हणत माझा घट्ट पिळलेला सांधा उपटून फेकायचा. तो मॅट्रिक आणि मी चौथी नापास, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. तेही पाणी मागायच्या आधी.

माझ्या सहाव्या वर्षी एका सरदारांच्या घरी वायरलेस आला. एका व्हॉल्व्हचा, आणि ऐकायला हेडफोन एकच. त्यांची मुंबईला दिलेली मुलगी एका संध्याकाळी तिथल्या रेडिओ स्टेशनवरून दोन गाणी म्हणणार होती. बाईसाहेबांनी लेकीला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. ऐकायला सगळं घर बसणार, म्हणून मी टेलिफोनचे तीन रिसीव्हर काढले आणि हेडफोनच्या बाजूने जोडतो म्हणालो. हे काम नीट झालं तर मला टेलिफोनघरात कायम करणार होते.

मास्तर उभ्याउभ्याच बोलला. "तुझ्या रिसीव्हरात जाड तारेचे चार वेढे. त्याला करंट भरपूर लागतो. व्हॉल्व्हमधून येते बारीक धार. तिला केसासारख्या तारेचे हजारो वेढे द्यावे तेव्हा कुठे पडदा हलतो. तुझे साठ ओहम, हेडफोनचे दोन हजार. बाजूला जोडलास तर सगळी धार तुझ्यातून फुकट वाहून जाईल. पण तुला सांगून काय उपयोग!"

शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर मी ऐकलंही असतं. तो राजवाड्याची लाइन पाहायला गेला आणि मी तिन्ही जोडले. याच रिसीव्हरवर धारचा माणूस खोकला तरी मला ऐकू येत होता. मग मुंबईचं गाणं का नाही येणार?

नाही आलं. सरदारसाहेब म्हणाले, "अरे, काहीच नाही." मी स्क्रू आवळले, बॅटरी हलवून पाहिली. बाईसाहेब हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसल्या होत्या.

तेवढ्यात मास्तर आला. जोडे न काढता बैठकीत शिरला, पकडीने माझ्या तिन्ही तारा तोडल्या. हेडफोनच्या दोन वाट्या पट्टीतून सोडवून एक बाईसाहेबांच्या हाती दिली, एक सरदारसाहेबांच्या. "या एकीपुढे एक जोडलेल्या आहेत. ओहम पुरतात." बाईसाहेबांचा चेहरा बदलला. "सर्दी झालीय पोरीला," त्या म्हणाल्या. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे दुसरं ना? मग पहिलं कोणतं म्हटलं तिने?"

मास्तर म्हणाला, "याला विचारा. पहिलं यानेच खाल्लं."

दुसऱ्या दिवशी माझी रवानगी टोंकखुर्दच्या लाइनीवर झाली, खांब चढायला. तिथे मी एक मेलेली हेडफोनची वाटी उघडली आणि तार उलगडत बसलो. सकाळचं ऊन डोक्यावर आलं तरी तार संपेना. मास्तर बरोबर होता. ते मी कुणाला सांगितलं नाही. पण पुढे आणखी एक गोष्ट कळली, जी त्याने मला सांगितली नव्हती. मधे बरोबर वेढ्यांचा छोटा ट्रान्सफॉर्मर टाकला तर माझा साठ ओहमचा रिसीव्हरही त्याच व्हॉल्व्हवर बोलतो. तो ट्रान्सफॉर्मर मी स्वतःच्या हातांनी गुंडाळला. चार वेळा जळाला, पाचव्यांदा बोलला.

मास्तर तोवर पेन्शन घेऊन धारला गेला होता. एका व्हॉल्व्हचा सेट, बॅटरी, ट्रान्सफॉर्मर, रिसीव्हर, सगळं सामान पिशवीत घालून मी गेलो. मला फक्त त्याच्या तोंडून एकदा 'जमलं' ऐकायचं होतं. दारातच सून म्हणाली, "मोठ्याने बोला, मामंजींना कमी ऐकू येतं." आतून तो म्हणाला, "हल्ली सगळे पुटपुटतात."

संध्याकाळ होती. स्टेशन लागलं. मी आधी स्वतः ऐकलं. सारंगी खणखणीत वाजत होती. मग रिसीव्हर त्याच्या कानाला लावला. तो डोळे मिटून बराच वेळ बसला. दुसऱ्या कानाला लावून पाहिला. मग बॅटरीची तार सोडवून जिभेला लावली.

"बॅटरीत जीव आहे," तो म्हणाला. "तुझ्या रिसीव्हरात नाही. साठ ओहमचाच लावलास ना पुन्हा?"

सून माझ्याकडे पाहत होती. तिच्या कानाला रिसीव्हर लावला असता तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. मी पिशवी आवरली आणि त्याच्या कानाशी ओरडून म्हणालो, "हो मास्तर. चुकलं माझं."

"वाटलंच होतं," तो म्हणाला आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

न केलेली चूक मी आयुष्यात तेवढी एकदाच कबूल केली, तीही त्या माणसापुढे. त्याचा राग मला अजून येतो.