मी विमान चालवत नव्हतो

मुलाने पुण्याचं घर बदललं तेव्हा त्याचा संगणक आमच्याकडे डिंगोऱ्याला आला. सोबत मोठा पडदा, विमानात असते तशी दांडी, डाव्या हाताने वेग कमी-जास्त करायचा थ्रॉटल आणि पायाखालची पेडलं. नव्या घरात या पसाऱ्याला जागा नव्हती. मी ओतूरच्या सुताराकडून फळी करून घेतली, दांडी तिच्यावर स्क्रूने बसवली आणि कांद्याच्या चाळीशेजारच्या खोलीत, जिथे आधी खताच्या गोण्या असत, सगळं मांडलं.

त्या संगणकात लढाऊ विमानं उडवण्याचा खेळ आहे. त्याला खेळ म्हणतात, पण विमानातलं प्रत्येक बटण त्यात आपल्या जागी असतं, आणि क्रम चुकला तर इंजिन सुरू होत नाही. मुलाने यादी उघडली. तिच्यात मिग-२१ होतं. माझी बहुतेक नोकरी त्याच विमानावर गेली.

मुलगा पुस्तिका शोधत होता, तोवर माझा हात उजव्या बाजूच्या बटणांवर गेलाही होता. बॅटरी, जनरेटर, इन्व्हर्टर, पंप. मग डावीकडे झाकणाखालचं स्टार्टचं बटण. काटे हलले, आवाज चढत गेला.

"आबा, लोक यासाठी महिनाभर वाचत बसतात," मुलगा म्हणाला. "तुमच्या अजून हातात आहे सगळं. आता उडवा."

मी थ्रॉटल पुढे सारला. विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं आणि उलटलं.

"पेडलं उलटी जोडली गेली वाटतं," असं म्हणून तो टेबलाखाली वाकला. पेडलं बरोबर होती. बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कप ठेवून निघून गेली. घरात तिला एकटीलाच माहीत होतं की मी आयुष्यात कधी विमान चालवलेलं नाही.

मी हवाई दलात इलेक्ट्रिकल फिटर होतो. विमानाच्या वायरी, बॅटऱ्या, जनरेटर, दिवे ही आमची कामं. कॉकपिटमध्ये मी हजार वेळा बसलो असेन, पण विमान जमिनीवर उभं असताना. उडायची वेळ झाली की वैमानिक यायचा, आम्ही शिडी काढून बाजूला व्हायचो. काम मानाचं होतं आणि मी ते चांगलं केलं. तरी सुट्टीवर आलो असता ओतूरच्या स्टँडवर कुणी वडिलांना विचारलं, "पोरगं इमान चालवतं का?" आणि वडील म्हणाले, "चालवतंय की." मी शेजारीच उभा होतो. वडिलांना चारचौघांत खोटं पाडायचं कसं, असं तेव्हा मनाशी म्हटलं. वडील जाऊनही आता किती वर्षं झाली.

माझ्यासोबत पिंपरी पेंढारचा एक जण भरती झाला होता. एकाच दिवशी, एकाच कामावर. पुढे बरीच वर्षं आमची बदलीही एकत्र होत गेली. आम्ही एकमेकांना जोडीदार म्हणायचो. काम दोघांचं असे: एकाने आत बसायचं, दुसऱ्याने शिडीवर उभं राहून एकेक बटणाचं नाव घ्यायचं. आतल्याने ते लावून "लागलं" म्हणायचं. "लागलं" ऐकू आल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही.

एकदा तळावर कुटुंबांना विमानं दाखवायचा दिवस होता. सरकारी फोटोग्राफर सगळ्यांचे फोटो काढत होता. माझा निघाला कॉकपिटमध्ये बसलेला, मांडीवर कुणाचं तरी हेल्मेट. फोटोच्या कडेला शिडी होती आणि शिडी धरलेला जोडीदार. मी तो ओतूरला फ्रेम करायला दिला. दुकानदार म्हणाला, "कडेचं ठेवायचं का?" मी म्हणालो, "कापून टाका." मला कुणी सांगितलं नव्हतं. वडील तिथे नव्हते. ते मी केलं.

दोघंही निवृत्त होऊन गावी आलो. मला लोक पायलटसाहेब म्हणू लागले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी पेंढारच्या शाळेने सव्वीस जानेवारीला मला झेंडावंदनाला बोलावलं. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं: प्रमुख पाहुणे, निवृत्त वैमानिक. जोडीदाराची मुलगी त्या शाळेत नववीला होती, म्हणून तोही आला होता. कार्यक्रम झाल्यावर चहाच्या वेळी तो सहज बोलून गेला, "वैमानिक नाय ओ. आमी दोघं फिटर व्हतो. एकाच विमानावर."

गावातले एक गृहस्थ हसले. "तुमी असाल फिटर, भाऊ. यांचा फोटो बघितलाय आमी. उगा मोठ्या माणसाच्या बरोबरीला बसायचं म्हून काय बी सांगू नका."

सगळे माझ्याकडे वळले. जोडीदारही. त्याची मुलगी हातात चहाची किटली घेऊन उभी होती.

मी म्हणालो, "सोडा राव. जुन्या गोष्टी."

लोकांना ते माझं मोठेपण वाटलं. जोडीदाराने कप खाली ठेवला आणि मुलीला घेऊन निघाला. त्या दिवसापासून पेंढारला त्याला पायलट म्हणू लागले, चिडवायला. "काय पायलट, आज इमान कुठं लावलं?" मलाही पायलट म्हणत आणि त्यालाही. माझ्यापुढे ते हात जोडत. माझ्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची बागायत, त्याचं घर बौद्ध वस्तीतलं. माझं खोटं पटायला आणि त्याचं खरं न पटायला लोकांना तेवढं पुरलं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. कळूनही मी चहा संपवला.

तर, खताच्या खोलीत मी उडायला शिकू लागलो. कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित वाटत असावं, की आता तरी खरोखर चालवता आलं तर खोट्याचं वजन थोडं कमी होईल. दोन महिन्यांत विमान वर नेता येऊ लागलं. वळवता येऊ लागलं. समोरच्या विमानामागे लागून नेम धरता येऊ लागला. उतरवता मात्र येईना. ते विमान हळू चालवलं की दगडासारखं खाली येतं आणि जोरात आणलं तर धावपट्टी संपून जाते. बायको विचारायची, "आज किती मोडली?" मी सांगायचो. ती म्हणायची, "मोडा. घरातल्या घरात मोडताय."

रविवारी मुलगा पुण्याहून त्याच खेळात यायचा, सोबत त्याचे तीन मित्र. कानाला हेडफोन लावून आम्ही बोलायचो. ती पोरं मला सर म्हणायची. एकाने विचारलं, "सर, खऱ्या विमानात उतरताना असंच वाटायचं?" मी म्हणालो, "साधारण असंच." मग मी वीज गेल्याचं सांगून संगणक बंद केला. पंखा चालू होता. बायकोने पंख्याकडे पाहिलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती ओतूरला गेली आणि परतताना जोडीदाराला रिक्षात बसवून घेऊन आली. बाजारात भेटला म्हणाली. तो कसा तयार झाला ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. गुडघ्याला पट्टा, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हातात मेथीची पिशवी.

"पावणं आलेत," बायको म्हणाली. "दाखवा त्यांना तुमचं इमान."

आम्ही दोघं खोलीत गेलो. मी संगणक लावला. पडद्यावर कॉकपिट आलं. तो उभाच राहिला, माझ्या डाव्या खांद्यामागे, शिडीवर उभा राहायचा तिथे. मग म्हणाला, "बॅटरी."

मी बटण लावलं. "लागलं."

"जनरेटर."

"लागलं."

शेवटपर्यंत आम्ही तेवढंच बोललो. मध्येच तो थांबला. वैमानिकाला बाहेर फेकणारी सीट जमिनीवर चुकून उडू नये म्हणून तिला पिना लावलेल्या असतात. "सीटच्या पिना काढल्या का?"

"यात पिना नाहीत रे."

"पिना नाय, मग कसलं इमान," तो म्हणाला. "सुरू कर."

इंजिन सुरू झालं. तो एक पाऊल मागे सरला, आम्ही सरकायचो तसा. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो खुर्ची ओढून बसला.

"आता?"

"आता उडवायचं."

"तुला येतं?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "वर जातं. उतरवता येत नाही."

तो पोट धरून हसला. मग त्यालाही चालवायचं होतं. तासाभरात आम्ही चार विमानं मोडली. शेवटचं त्याने नेऊन हँगरवरच घातलं आणि म्हणाला, "ह्याची वायरिंग आता तू कर. मी रजेवर." मी हसत होतो, तेव्हाच त्याने पिशवी उचलली आणि त्याच आवाजात म्हणाला, "माझ्या लेकीला अजून वाटतं, मी त्या दिवशी फेकत व्हतो."

"तू सांगितलं असशील ना तिला."

"किती वेळा सांगू? खरं असतं तर काका बोलले नसते का, म्हणती."

त्याने माझ्याकडे काही मागितलं नाही. रिक्षात बसताना मेथीची एक जुडी बायकोच्या हातात दिली.

त्या रविवारी मी मुलाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग तो फोटो?"

"फोटो खरा आहे. कापलेला आहे."

"मी शाळेत निबंध लिहिला होता, आबा, तुमच्यावर." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. दोन रविवार तो खेळात आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, आणि मित्रांना त्याने काय सांगितलं होतं देव जाणे, पण आता ते मला काका म्हणत होते.

मी पेंढारला गेलो. जोडीदाराची मुलगी जुन्नरला नर्स आहे, सुट्टीच्या दिवशी वडिलांकडे येते. ओट्यावर बसून मी तिला जे होतं ते सांगितलं, फ्रेम करणाऱ्याच्या दुकानापासून. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"काका, हे मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मी बापाला खोटारडा समजले ते तुमच्या एका वाक्यावर. आता तुमच्या दुसऱ्या वाक्यावर खरा समजू?"

मी ओट्यावरून उठलो.

"जिथं गप्प बसलात, तिथं बोला," ती म्हणाली.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला मी त्या शाळेत गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. जोडीदाराला तेवढं आधी कळवलं होतं. मुख्याध्यापकांकडे दोन मिनिटं मागून घेतली. माइकसमोर उभं राहून सांगितलं, की मी वैमानिक नव्हतो, फिटर होतो, आणि याच मैदानावर माझ्या जोडीदाराने खरं सांगितलं तेव्हा मी त्याला खोटं ठरू दिलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनीही. मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, "बघा मुलांनो, किती हा विनय."

मी हात वर करून "नाही, नाही" म्हणत होतो आणि टाळ्या वाढत होत्या. तेव्हा मागच्या खुर्चीवरून जोडीदार उठला. गुडघ्यावर हात टेकत पुढे आला, माइक हातात घेतला. "विनय-बिनय काय नाय. खरं बोलतोय तो. फिटर व्हता. बरा व्हता, पण माझ्यापेक्षा हळू." मग कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोडे हसले, थोडे माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यासाठीच मी गेलो होतो, तरी ते सोसायला जड गेलं. तेव्हा जोडीदाराला हसलेले ते गृहस्थ पहिल्या रांगेतून उठून गेले. घरी आल्यावर मी भिंतीवरचा फोटो काढून ठेवला.

मुलगी शाळेत आली नव्हती. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी वडिलांना गाडीवर मागे बसवून ती आमच्याकडे आली. "बाबा म्हणतात, इथं विमान आहे," ती मला म्हणाली. "मला बघायचंय."

मी खुर्चीवरून उठलो आणि तिला बसवलं. जोडीदार तिच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला. चष्मा त्याने बाजाराच्या पिशवीतच ठेवला होता. पडदा त्याला नीट दिसतही नसावा.

"उजवीकडं बघ," तो म्हणाला. "मागची ओळ. पहिलं. बॅटरी. लाव आन् लागलं म्हण."

"लागलं."

एकामागून एक तो सांगत गेला. कितवी ओळ, कितवं बटण, लावल्यावर कोणता दिवा पेटला पाहिजे, कोणता विझला पाहिजे. एकदा ती म्हणाली, "बाबा, इथं दिवा नाही पेटला." तो म्हणाला, "मग आधीचं अर्धं लागलंय. पुन्हा लाव." तिने लावलं. दिवा पेटला. तिने मान वळवून वडिलांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर, चाळीकडे बघत पुढच्या बटणाचं नाव घेत होते.

इंजिन सुरू झालं. काटे स्थिर झाले.

"आता?" तिने विचारलं.

"आता खाली उतर," जोडीदार म्हणाला. "आपलं काम इथपर्यंतच."