पिठल्याची अट

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात भिकन बॉयलरवर होता. निळ्या काचेतून आत डोकावून, नुसत्या ज्वाळेच्या रंगावरून कोळसा ओला की कोरडा ते तो सांगायचा, आणि साहेब लोक मान डोलवायचे. इथपर्यंत ठीक होतं. पण हा गडी घरी येऊन बायकोच्या, सगुणाच्या गॅसपुढेही तसाच वाकायचा आणि म्हणायचा, "आच जास्त झाली." दूध असो, भात असो, दिवाळीच्या चकल्या असोत. चौदा वर्षं.

१९९७च्या उन्हाळ्यात सगुणाने गॅस बंद केला आणि जेलरोडला एक खोली घेऊन शिवणकाम सुरू केलं. भांडण नाही, आदळआपट नाही. शेजारच्या अक्काबाईंना फार वाईट वाटलं. भिंतीला कान लावूनही काही हाती लागलं नव्हतं.

वकिलांनी समजावलं, दोघांच्या सहीने घटस्फोटाचा अर्ज केला तर सहा महिन्यांनी कोर्ट पुन्हा बोलावून विचारतं, तेव्हाही दोघं हो म्हणाले की मोकळे. एकानं मोडता घातला तर मात्र नुसत्या तारखा. सगुणाला तारखा नको होत्या. नव्या गल्लीत रोज कुणीतरी विचारायचं, मिस्टर कधी येणार राहायला? तिला एकदाच काय ते सरळ उत्तर द्यायचं होतं.

भिकन नाही म्हणत नव्हता, हीच पंचाईत. आधी म्हणाला, केंद्रात दुरुस्तीसाठी शटडाऊन आहे, वेळ नाही. सगुणाने गच्चीवरून चिमण्यांचा धूर बघून ते खोडून काढलं. मग त्याने अट घातली.

"मला पिठलं शिकव. जमलं की त्याच दिवशी सही. उपाशी टाकून जातेस का काय?"

दर रविवारी सगुणा क्वार्टरवर जाऊ लागली. पहिल्या रविवारी गुठळ्या. दुसऱ्या रविवारी तळाला करपलं. तिसऱ्या रविवारी चमचा उभा राहील इतकं घट्ट. भिकन असं काही केविलवाणं तोंड करायचा, की तीच म्हणायची, राहू द्या, पुढच्या रविवारी बघू. मग चहा व्हायचा, मागच्या पेरूला किती फळं धरली ते निघायचं, आणि कागद पिशवीतच राहायचा. असे दोन महिने गेले.

एक दिवस भाजीबाजारात अक्काबाई भेटल्या आणि तक्रारच घेऊन बसल्या.

"तुझ्या नवऱ्याने छळ मांडलाय गं. रोज संध्याकाळी फोडणीचा वास. परवा वाटीभर पिठलं आणून दिलं, इतकं गुळगुळीत की मी सुनेला दाखवायला ठेवलंय."

सगुणा कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभीच राहिली. एवढाल्या भट्टीचा जाळ ओळखणारा माणूस, त्याला शेगडीचं बटण समजेना, यावर आपण विश्वास ठेवला? तिला राग आला, आणि मेलं हसूही.

गुरुवारी संध्याकाळी, न सांगता, ती क्वार्टरवर हजर झाली. भिकन जेवायलाच बसला होता. ताटात पिवळंधमक पिठलं, एक गुठळी नाही.

"आज कसं जमलं कोण जाणे," तो पुटपुटला.

सगुणाने घास घेतला. सावकाश चावला. चौदा वर्षं साठवलेलं वाक्य बाहेर काढलं.

"आच जास्त झाली."

"जास्त? माझी आच जास्त? अगं, महिनाभर रोज ह्याच आचेवर करतोय..." आणि भिकन थांबला.

तिने पिशवीतून कागद काढला, ताटाशेजारी ठेवला आणि वर पेन ठेवलं. भिकनने हात पुसले न पुसले, सही केली. कोपऱ्याला हळदीचं बोट उमटलं. कागद तिच्याकडे सरकवताना मात्र त्याला राहवेना.

"खरंच जास्त झाली होती?"

"सहा महिन्यांनी सांगते," सगुणा म्हणाली. "कोर्टात."

ती तारीख भिकन चुकवणार, अशी वकिलांची खात्री होती. तो अर्धा तास आधीच येऊन बाकावर बसला होता. आत दोघांनी हो म्हटलं. बाहेर आल्यावर त्याने नुसत्या भुवया उडवल्या.

"नाही," सगुणा म्हणाली. "बरोब्बर होती."